घरच्या घरी मोटरसायकलची सर्व्हिसिंग: प्लग कधी, ऑइल कधी आणि पाना कुठे थांबवायचा

घरी सर्व्हिसिंग केलेली गाडी नंतर गॅरेजला ओढत न्यावी लागते, त्याची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात. एक म्हणजे कामांचा क्रम उलटा झालेला असतो: गरम इंजिनातून स्पार्क प्लग काढला आणि थंड इंजिनातून ऑइल. दुसरे म्हणजे नवा प्लग बोटांनी न बसवता पहिल्या आट्यापासून पान्यानेच फिरवलेला असतो. पहिल्या चुकीत कधीकधी थोडक्यात निभावते, पण दुसरीत सिलिंडर हेडचे (इंजिनाच्या ज्या भागात प्लग बसतो त्याचे) आटे जातात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या कामापायी हेड उतरवायची वेळ येते.

हा लेख १०० ते १२५ सीसीच्या, एअर-कूल्ड, एका सिलिंडरच्या गाड्यांसाठी आहे. स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, शाईन, प्लॅटिना या त्यातल्या. पल्सर १५० सारख्या डीटीएस-आय गाड्यांत दोन प्लग असतात आणि पल्सर एनएस२०० मध्ये तीन. तिथे रीत हीच, फक्त सगळे प्लग एकाच वेळी बदलायचे. लिक्विड-कूल्ड, फेअरिंगच्या किंवा वॉरंटीत असलेल्या गाडीला हात लावण्याआधी मॅन्युअल वाचा. वॉरंटी चालू असेल तर ऑइल आणि प्लग अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच करून घेतलेले बरे.

## क्रम आधी ठरवा

प्लग थंड इंजिनातून काढायचा. हेड ॲल्युमिनियमचे आणि प्लगची बॉडी लोखंडाची असते. गरम असताना ॲल्युमिनियमचे आटे नाजूक होतात आणि प्लगसोबत ओरबाडून निघू शकतात. टायरची हवाही थंड टायरमध्येच मोजायची. याउलट ऑइल कोमट असताना काढायचे, म्हणजे ते पातळ होऊन गाळासकट बाहेर येते. चेनही थोडी कोमट असली की तेल आत चांगले शिरते.

म्हणून सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सुरुवात करा आणि या ओळीने जा: हवा, प्लग, एअर फिल्टर, बॅटरी. मग इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवा. त्यानंतर ऑइल, चेन, ब्रेक, क्लच. टेस्ट राइड शेवटी. पहिल्यांदा करत असाल तर रविवारची अख्खी सकाळ हाताशी ठेवा, आणि दुपारी कुठे जायचे असेल तर त्या दिवशी गाडी उघडूच नका. घाईत हात जड पडतो.

## टप्पा १: सामान जमवा

गाडी उघडल्यावर पाना शोधायला निघालात की उघड्या भोकात माती जाते. सगळे आधीच मांडून ठेवा:

- प्लगपाना आणि त्याची टॉमी, म्हणजे तो फिरवायची आडवी दांडी. मोटरसायकलच्या प्लगला १६, १८ किंवा २१ चा पाना लागतो. गाडीसोबत आलेला टूलकिटमधला पाना सगळ्यात खात्रीचा.
- नवा प्लग, जुन्याच नंबरचा.
- फिलर गेज, म्हणजे अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच.
- साधारण १५ सेंटिमीटरचा पेट्रोल पाइपचा तुकडा, जो प्लगच्या टोकावर घट्ट बसेल. हा तुकडा दहा रुपयांचा असेल, पण हेड वाचवतो.
- सायकलचा हवा भरायचा पंप, जुना टूथब्रश, सुती फडकी.
- ऑइल, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, पसरट तसराळे, नरसाळे.
- रॉकेल किंवा चेन क्लीनर, आणि चेनसाठी एसएई ९० गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे.
- हवेचे प्रेशर गेज.

### प्लग घेताना कुठे फसगत होते

दुकानदाराला गाडीचे नाव सांगू नका, जुन्या प्लगवरचा किंवा मॅन्युअलमधला नंबर सांगा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक प्लग बदललेला असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. इंजेक्शनच्या गाडीत प्लग रेझिस्टरवाला, म्हणजे नंबरात 'आर' असलेलाच हवा, नाहीतर ठिणगीचा विद्युत गोंगाट ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाला, त्रास देतो.

कंपनी बदलताना आणखी एक धोका आहे. एनजीकेच्या नंबरात आकडा मोठा म्हणजे प्लग 'थंड' (उष्णता लवकर सोडणारा), तर बॉशच्या नंबरात आकडा मोठा म्हणजे प्लग 'गरम' (उष्णता धरून ठेवणारा). आकडे जुळले म्हणून प्लग जुळला असे होत नाही. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा असेल तर त्या कंपनीचा तक्ता बघूनच घ्या.

तपासा: नवा आणि जुना प्लग शेजारी धरा. आट्यांच्या भागाची लांबी आणि जाडी अगदी सारखी हवी. लांब प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. आखूड प्लग मागे राहतो आणि हेडच्या उघड्या आट्यांत कार्बन भरतो. आखूड प्लगने गाडी चालते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे योग्य प्लग बसवायला जावे तेव्हा आटे अडतात.

## टप्पा २: थंड गाडीची हवा

गाडी मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर, चावी बंद. चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर पुढच्या-मागच्या चाकाचे आकडे असतात. मागच्या चाकाला एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा. पंपावर सरसकट 'पुढे तीस, मागे चाळीस' भरतात, तो तुमच्या गाडीचा आकडा असेलच असे नाही. व्हॉल्व्हवर थुंकी किंवा साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का बघा आणि टोपी लावा.

## टप्पा ३: प्लग काढणे

१. आधी स्वच्छता. स्प्लेंडर घराण्यातल्या इंजिनाचा सिलिंडर जवळपास आडवा असतो आणि पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट हेडवर बसतो. पावसाळ्यानंतर प्लगच्या खळग्यात वाळलेल्या मातीचा थरच असतो. प्लग काढल्याबरोबर ती माती सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टन-रिंगांवर ओरखडे पाडते. कॅप काढण्याआधी टूथब्रशने माती मोकळी करा, पंपाने फुंका. कॅप काढून पुन्हा फुंका. या कामाला पाणी वापरू नका.

२. कॅप. रबरी कॅप धरून, हलकी उजवी-डावी फिरवून सरळ ओढा. वायर धरून ओढू नका, ती आतून निसटते. मग पावसात गाडी मिसिंग करू लागते आणि संशय प्लगवर जातो. कॅपला चीर असेल तर तीही बदला.

३. पाना. पाना तळापर्यंत सरळ बसू द्या. तिरका बसला तर पांढरी चिनीमाती तडकते. प्लग डावीकडे फिरवून ढिला होतो. अर्धा फेरा ढिला झाला की थांबा आणि पुन्हा एकदा फुंका, कारण बैठकीखाली दडलेली माती आता सुटलेली असते. मग हाताने पूर्ण बाहेर काढा.

सावधान: प्लग हटत नसेल तर टॉमीला पाइप लावून ताकद वाढवू नका. बुडाशी गंज सोडवणारे तेल मारा आणि अर्धा तास थांबा. पाव फेरा ढिला, थोडा घट्ट, पुन्हा ढिला, असे मागेपुढे करत काढा. तरीही हटला नाही तर मेकॅनिककडे जा. प्लग हेडमध्ये तुटला तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

४. भोक झाका. स्वच्छ फडक्याची गुंडाळी भोकावर ठेवा. आत कोंबू नका. फडके बाजूला करेपर्यंत किक मारू नका, स्टार्टरही नको.

## टप्पा ४: जुना प्लग वाचा

जुना प्लग लगेच फेकून देणे मला फार खटकते. इंजिनाच्या आतले दाखवणारी घरात मिळणारी एवढी एकच वस्तू आहे. नवा प्लग टाकून खोड दोन दिवस दबते, मग तोही तसाच काळा होतो आणि माणूस म्हणतो प्लग नकली निघाला.

चिनीमातीचे टोक उजेडात धरून बघा.

*फिकट तपकिरी किंवा राखाडी, कोरडे.* इंजिन ठीक आहे. इंजेक्शनच्या गाड्यांत हा रंग बराच फिकट असतो, त्याने घाबरू नका.

*काळी, कोरडी काजळी, बोटाला लागणारी.* पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा. जुन्या गाडीत चोक अर्धा ओढलेला राहतो का तेही बघा. रोज दोन-दोन किलोमीटरच गाडी चालत असेल तरीही असे होते, कारण प्लग स्वतःची काजळी जाळण्याइतका तापतच नाही.

*काळे आणि ओले, तेलकट.* ऑइल वर येते आहे. पातळी प्रमाणाबाहेर आहे का बघा. ती ठीक असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर जवळपास नक्कीच. यावर प्लग बदलणे हा उपाय नाही.

*ओला आणि पेट्रोलचा वास.* ठिणगी पडत नाही किंवा इंजिन फ्लड झाले आहे, म्हणजे आत पेट्रोल साचले आहे.

*पांढरे फटक, फोड आलेले, इलेक्ट्रोड वितळल्यासारखा.* इंजिन जास्त तापते आहे: मिश्रण पातळ, हवा गळती किंवा चुकीच्या हीट रेंजचा, म्हणजे गाडीला हवा त्याहून 'गरम', प्लग. अशी गाडी लांब पळवू नका, आधी दाखवा.

साधा निकेलचा प्लग सहसा १२ हजार किलोमीटरला बदलतात. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा त्याहून महत्त्वाचा. काजळी धरलेला प्लग घासपेपरने घासून परत बसवण्याची सवय सोडा. पेपरचे कण आणि तारेच्या ब्रशचा धातू चिनीमातीवर चिकटतो आणि ठिणगी त्या वाटेने गळते. वाटेत अडकलात तर फडक्याने पुसून घरापर्यंत या, एवढेच.

सावधान: 'करंट येतो का' हे बघायला कॅप लावून प्लग हातात धरू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात. इंजेक्शनच्या गाडीवर असा प्रयोग ईसीयूलाही भोवू शकतो. शिवाय उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, तिथे ठिणगी नको.

## टप्पा ५: नवा प्लग बसवणे

हा टप्पा सगळ्यात सावकाश करा.

१. गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधले अंतर, मोजा. नवा प्लगही मोजायचा, कारण वाहतुकीत पडला तर गॅप मिटतो. मॅन्युअलमधला आकडा बहुतेक ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. ठरलेली पट्टी किंचित घासत जायला हवी. फरक असेल तर फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवा, मधल्याला धक्का लावू नका. इरिडियम प्लगचा गॅप घरी छेडू नका, त्याचे बारीक टोक तुटते.

२. टोकाची टोपी. बऱ्याच नव्या प्लगच्या डोक्यावर फिरकीची छोटी टोपी असते. जुन्या प्लगला ती नसेल तर नव्याची काढा. असेल तर चिमट्याने घट्ट करा. ढिली राहिली की चालू गाडी मध्येच झटका देते.

३. आटे कोरडे ठेवा. ग्रीस, ऑइल, तांब्याची पेस्ट काही लावू नका. आजच्या प्लगवर मुलामा असतो. त्यावर वंगण लावले की तेवढ्याच जोराला प्लग जास्त आवळला जातो.

४. पाइपच्या तुकड्याने सुरुवात. पेट्रोल पाइप प्लगच्या टोकावर चढवा आणि प्लग भोकात सरळ धरा. आधी *डावीकडे* हलके फिरवा. एका ठिकाणी प्लग किंचित खाली बसल्याची टिक लागेल. तिथून उजवीकडे फिरवा. आटा सरळ लागला असेल तर प्लग अलगद आत जातो. तिरका लागला तर पाइप प्लगवर घसरतो आणि नुकसान होण्याआधीच तुम्हाला कळते. अडला की पूर्ण बाहेर काढून पुन्हा सुरुवात करा.

तपासा: बैठकीला टेकेपर्यंत सगळे फेरे पाइपने किंवा बोटांनीच झाले पाहिजेत. दोन-तीन फेऱ्यांतच जड लागले तर प्लग तिरका आहे किंवा आट्यात कचरा आहे. इथे पाना उचलायचा नाही.

५. आवळणे. नवा प्लग बैठकीला टेकला की पान्याने साधारण *अर्धा फेरा*. एवढ्यात वॉशर दबतो. जुनाच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून फक्त अष्टमांश ते पाव फेरा. टॉर्क पाना असेल तर १० मिलिमीटर आट्याला १० ते १२ न्यूटन-मीटर, १२ ला १५ ते २०, आणि १४ ला २५ ते ३०. या सेगमेंटमधल्या बऱ्याच गाड्यांचा आटा १० मिलिमीटरचाच असतो, म्हणजे फारच कमी जोर. टॉमी टोकाला धरू नका, मधे धरा.

ढिला प्लगही तितकाच वाईट. त्याची उष्णता बैठकीतून हेडमध्ये जाते, आणि वॉशर दबला नसेल तर प्लग तापून जळतो.

६. कॅप 'टक' असे लागेपर्यंत दाबा.

## टप्पा ६: एअर फिल्टर आणि बॅटरी

फिल्टरवर पंप मारण्याआधी तो कोणता आहे ते बघा. हिरो-होंडाच्या अनेक गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो साफ करायचा नसतो. हवा मारली की त्यावरचे धूळ पकडणारे तेल निघून जाते आणि फिल्टर निकामी होतो. त्याची मुदत भरली की बदलायचा. धुळीच्या रस्त्यावर, ऊस-वाहतुकीच्या किंवा वीटभट्टीच्या भागात मुदतीआधीच बदला. कोरड्या कागदाचा असेल तर आतून बाहेर हलकी हवा. स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून (पिरगाळून नाही), वाळवून, इंजिन ऑइलचा हलका हात. पेट्रोलने धुऊ नका. झाकणाचे रबर पूर्ण बसले का ते बोट फिरवून बघा, नाहीतर फिल्टर नवा असूनही धूळ बाजूने आत जाते.

बॅटरीचे टोक पांढरे-हिरवे झाले असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. मल्टिमीटर असेल तर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.४ च्या खाली असेल तर चार्जिंग.

## टप्पा ७: ऑइल

आता इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवून बंद करा. नव्या प्लगवर गाडी एका दमात सुरू झाली आणि हेडजवळून 'फुस्स' आवाज येत नसेल तर प्लगचे काम नीट झाले.

१. तसराळे खाली ठेवा. वरची ऑइलची टोपी ढिली करा.
२. ड्रेन बोल्ट, बहुतेक १७ च्या पान्याचा, ढिला करा आणि शेवटचे फेरे हाताने. ऑइल पोळू शकते.
३. दहा मिनिटे निथळू द्या. बोल्टवर चकाकणारा बारीक चुरा थोडा असतो, पण तुकडे दिसले तर मेकॅनिकला दाखवा.
४. नवा वॉशर लावून बोल्ट हाताने पूर्ण आत न्या, मग पान्याने आवळा. इथेही ॲल्युमिनियमच आहे.
५. नवे ऑइल ओता, पण अख्खी बाटली नाही.

या शेवटच्या पायरीवर बहुतेक जण चुकतात. इंजिन पूर्ण उघडल्यावर जेवढे ऑइल मावते, त्याहून नुसते ड्रेन केल्यावर कमी लागते, कारण थोडे आत राहतेच. बाटली रिकामी केली की पातळी वर जाते, ऑइल ब्रीदरमधून (इंजिनाची वाफ जाण्याच्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात येते आणि नवा प्लग काळा पडतो. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा थोडे कमी ओता. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटे थांबा, मग पातळी बघून वाढवा.

तपासा: गाडी मेन स्टँडवर सरळ. हिरो-होंडाच्या डिपस्टिकने मोजताना ती *न फिरवता* नुसती टेकवायची. आटे फिरवून मोजली तर ऑइल खरे आहे त्याहून जास्त दिसते. काही गाड्यांत काचेची खिडकी असते, तिथे दोन खुणांच्या मधे.

ऑइलवर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा दर्जा) लिहिलेले हवे. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. गाडीत कारचे ऑइल टाकले तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी क्लच घसरू लागतो. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे: हिरोच्या १०० सीसी गाड्यांना १०डब्ल्यू३०, रॉयल एनफील्डच्या ३५० ला १५डब्ल्यू५०. 'जाड ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा' हा समज खोटा आहे.

जळके ऑइल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून ते पुनर्प्रक्रियेसाठी उचलले जाते.

## टप्पा ८: चेन, ब्रेक, क्लच

सावधान: इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडके लावू नका. फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते आणि बोट त्याच्या मागे. चाक हाताने फिरवा, इंजिन बंद.

चेन रॉकेलने धुऊन पुसा, मग आतल्या बाजूने तेल सोडा म्हणजे फिरताना ते बाहेर पसरते. जास्तीचे पुसा. टायरवर किंवा ब्रेक डिस्कवर थेंब पडला तर लगेच साफ करा. ओ-रिंग (सांध्यांत रबरी कड्या असलेल्या) चेनला पेट्रोल लावू नका.

ताण मोजताना चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि *सर्वांत घट्ट* जागा धरा. छोट्या गाड्यांत खेळ साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो. ढिल्या जागेवर ताण दिला तर घट्ट जागी चेन तणते आणि बेअरिंग खाते. ॲडजस्टर दोन्ही बाजूंना सारख्याच खुणेवर आणा, मग ॲक्सलचा नट पूर्ण आवळा.

चाक मागे सरकले की मागचा ड्रम ब्रेकही बदलतो. म्हणून ब्रेकचा क्रम चेननंतर. पेडलचा मोकळा खेळ २० ते ३० मिलिमीटर ठेवा. चाक हाताने फिरवून शू घासत नाही ना, आणि पेडल दाबल्यावर ब्रेक लाइट वेळेत लागते ना, दोन्ही बघा. ड्रमवरचा बाण खुणेपर्यंत पोहोचला असेल तर ॲडजस्ट करत बसू नका, शू बदला. डिस्क असेल तर फ्लुइडची पातळी आणि पॅडची जाडी बघा.

क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर खेळ हवा. 'पकड वाढावी' म्हणून केबल ताणून ठेवली तर क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात. एक्सलरेटर सोडल्यावर स्वतःहून झटकन परत आला पाहिजे, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनसुद्धा.

टॅपेट (व्हॉल्व्हचा खेळ) आणि कार्ब्युरेटरची सेटिंग या यादीत मुद्दाम घेतलेली नाही. आवाज येतो म्हणून टॅपेट घट्ट केले की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. ते काम हातखंडा असलेल्या माणसाकडून करून घ्या.

## टप्पा ९: टेस्ट राइड आणि दुसऱ्या दिवशीची तपासणी

गल्लीतच आधी दोन्ही ब्रेक मारून बघा, मगच रस्त्यावर या. चार-पाच किलोमीटर सगळ्या गिअरमध्ये चालवा. परत आल्यावर ड्रेन बोल्टला बोट लावून ओल आहे का बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड गाडीखाली वर्तमानपत्र पसरलेले असेल तर त्यावर डाग आहे का पाहा. ऑइलची पातळी पुन्हा मोजा. ॲक्सलचा नट हाताला हलत नाही ना बघा. गाडी मिसिंग करत असेल तर प्लग पुन्हा उघडण्याआधी कॅप दाबून बघा, ती अर्धवट बसलेली निघते.

प्लग आणि ऑइल कोणत्या किलोमीटरला बदलले ते कागदावर लिहून सीटखाली ठेवा. जुना प्लग चांगल्या रंगाचा असेल तर पुसून, नव्याच्या खोक्यात घालून टूलकिटमध्ये टाका. घाटात नवा प्लग दगा देईल तेव्हा तो उपयोगी पडतो.